किडनीचं वेळापत्रक

डुकराचा गर्भ हातात आला की पहिलं काम त्याचं वय काढायचं. किडनी काढणं, गोठवणं, तिच्यातली प्रथिनं सोडवून घेणं हे सगळं मागाहून. वयच धड नसेल तर पुढच्या महागड्या यंत्रांनी दिलेले आकडे नुसते छापून फायलीत लावायचे. सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला पशुवैद्यकात एमव्हीएससी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करताना माझा विषय होता, डुकराच्या वाढत्या गर्भात मूत्रपिंडातली प्रथिनं कशी बदलत जातात. प्रबंधाचं नाव दोन ओळींचं होतं. सरांनी पहिल्याच बैठकीत ते छाटलं: "किडनीचं वेळापत्रक लिही. कुठल्या आठवड्यात तिच्यात कोण हजर आणि कोण गैरहजर, एवढंच."

डुकरच का, हे घरी, दारी आणि एसटीत शेजारी बसलेल्यांनाही सांगावं लागलं. माणसाला लागणाऱ्या किडन्या मिळतात कमी आणि रांग मोठी. डुकराचे अवयव आकारानं माणसाच्या जवळ जातात, एका वेतात आठ-दहा पिल्लं होतात आणि ती झपाट्यानं वाढतात. हे कारण सगळ्यांना पटतं. गर्भाची किडनी कशाला, हे पटवणं जास्त अवघड. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये याइर राइस्नर यांच्या गटानं २००३ साली डुकराच्या चार आठवड्यांच्या गर्भातले किडनीचे कोंब उंदरांच्या शरीरात लावले. ते नुसते तगले नाहीत, तर वाढले, त्यांत गाळण्या तयार झाल्या आणि मूत्रही बनलं. त्याहून कोवळं ऊतक लावलं की किडनीच्या जोडीला भलतंच काही उगवायचं. जून ऊतक लावलं की वाढ खुंटायची. २००५ मध्ये याच गटानं बाकीच्या अवयवांचेही मुहूर्त काढले: यकृताला २८ वा दिवस, स्वादुपिंडाला ४२ वा, फुप्फुसाला ५६ वा.

आता प्रश्न असा, की त्या दिवसांत अवयवाच्या आत नेमकं असतं काय? जनुकं तर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तीच असतात. बदलतात ती प्रथिनं. म्हणून मला प्रथिनं बघायची होती.

डुकराचा गर्भकाळ ११४ दिवसांचा. वराहपालनाच्या प्रशिक्षणात तो तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा पाठ करून घेतात. माझ्याकडे येणारे गर्भ मात्र कत्तलखान्यातले. वय झालेली किंवा सारखी उलटणारी, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येणारी, मादी मालक काढून टाकतो आणि कापल्यावर कधीकधी ती गाभण निघते. तसं गर्भाशय एरवी फेकून दिलं जातं, ते मी मागून आणायचे. या कामासाठी एकही डुकरीण मारली नाही, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगायचे. पण त्याची किंमत म्हणजे, मादी कधी भरली हे कुणालाच माहीत नसायचं.

गर्भाशयाची दोन्ही शिंगं ट्रेमध्ये पसरली की शेंगेतल्या दाण्यांसारखे गर्भ ओळीनं जाणवतात. एकेक कापून बाहेर काढायचा, पाण्यानं नव्हे तर थंड बफरनं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणानं) धुवायचा आणि टाळूपासून शेपटीच्या बुडापर्यंत मोजायचा. तिसाव्या दिवशी ही लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते. एकाच वेतातले गर्भ एकाच वयाचे, पण आकार सारखे नसतात, शिंगाच्या मधे एखादा खुजा हमखास सापडतो. म्हणून सगळे मोजून मधला आकडा धरायचा. शिवाय बाहेरच्या खुणा पाहायच्या: पापण्या मिटल्यात का, थोबाडावर राठ केस फुटलेत का, खूर कितपत घट्ट झालेत. लांबीच्या तक्त्यातलं वय आणि खुणांवरचं वय जुळलं नाही, तर ते वेत बाजूला. मन घट्ट करून टाकून द्यावं लागतं, कारण पुढचं कधी मिळेल याचा नेम नसतो.

डुकरं पाळणाऱ्यांचा विश्वास मिळवणं हे स्वतंत्र काम होतं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० साली ईशान्येत आला आणि तेव्हापासून शहाणा मालक परक्या माणसाला गोठ्याजवळ फिरकू देत नाही. हा रोग माणसाला होत नाही, पण कळपात शिरला तर कळप संपतो, उपचार नाही. मी ज्या मामांकडे जायचे त्यांनी दारात औषधी पाण्याचा हौद केला होता. मी पशुवैद्यक आहे म्हणून त्यांनी सूट दिली नाही. "डाक्टरच हितनं तितं रोग नेतात," म्हणाले. शास्त्राच्या दृष्टीनं ते शंभर टक्के बरोबर होतं.

डुकरं पाळणाऱ्याकडे गाव कसं बघतं ते मला सांगायला नको. आई मला बजावायची, "कुणी विचारलं तर जनावरांची डॉक्टर होतेय एवढंच सांग. डुकराचं काढू नकोस." तिच्याच ओळखीतली एक बाई मिरजेला डायलिसिसला जाते. तिथं रक्त गोठू नये म्हणून जे हेपरिन देतात ते डुकराच्या आतड्यातून काढलेलं असतं, आणि कित्येक वर्षं मधुमेह्यांना डुकराचं इन्सुलिन दिलं जायचं, जे माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एका अमिनो आम्लानं वेगळं आहे, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "हे तर मुळीच सांगू नकोस."

नायट्रोजनचा प्रश्न मात्र आमच्या भागानं अलगद सोडवला. कापलेल्या जनावराच्या ऊतकातली प्रथिनं मिनिटागणिक तुटायला लागतात. पेशींतली विकरंच (एन्झाइम) ती खातात. त्यामुळे किडनी काढली की तिथल्या तिथं द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांत, टाकायची. परदेशी लेखांत हे एका ओळीत लिहिलेलं असतं. आता सातारा-सांगलीत दुधाचा धंदा घरोघर आहे आणि गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या, याच नायट्रोजनमध्ये ठेवतात. गावात मोटरसायकलवर कॅन घेऊन फिरणारा रेतन करणारा दादा सापडला की काम झालं. त्याच्या ठरलेल्या फेरीला माझाही छोटा कॅन भरून मिळायचा. जगातल्या फार थोड्या प्रोटिओमिक्सवाल्यांना, म्हणजे ऊतकातली सगळी प्रथिनं एकत्र अभ्यासणाऱ्यांना, ही सोय असेल. त्याची अट एकच: "मॅडम, तुमचं डुकराचं काय असंल ते माझ्या कांड्यांच्या कॅनात ठेवायचं न्हाई."

आता किडनीचं. महिन्याभराच्या गर्भाचं पोट उघडलं की पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबट, तांबूस, चांगले ठसठशीत अवयव दिसतात. नवख्याला हीच किडनी वाटते. ही किडनीच, पण तात्पुरती. तिला आद्य मूत्रपिंड म्हणू. गर्भावस्थेत काही काळ तीच काम करते आणि नंतर विरून जाते. नरात तिच्या नळ्यांचा थोडा भाग वृषणाच्या वाहिन्यांत उरतो. डुकरात ही तात्पुरती किडनी विलक्षण मोठी असते, त्यामुळे शरीररचनाशास्त्रात ती दाखवायची झाली तर डुकराचाच गर्भ घेतात. खरी, कायमची किडनी तिच्या मागच्या टोकाशी दडलेली असते, जेमतेम दोन-एक मिलिमीटरची. भिंगाखाली, दोन बारीक चिमट्यांनी ती सोडवायची, आणि आद्य मूत्रपिंडाचा एक तुकडाही सोबत येता कामा नये, कारण मोठ्याचं प्रथिन लहानाला झाकून टाकतं. एवढ्याशा ऊतकातून एका गर्भाचं पुरेसं प्रथिन निघत नाही म्हणून एका वेतातल्या सगळ्या किडन्या एका नळीत गोळा करायच्या. मोठ्या गर्भांत ही अडचण नाही, तिथं रक्ताची अडचण. हिमोग्लोबिन इतकं असतं की नीट धुतलं नाही तर सगळा अभ्यास रक्ताचाच होतो.

पुढचं काम पुस्तकात असतं तसंच. गोठलेली किडनी नायट्रोजन ओतत खलात वाटायची, बफरमध्ये विरघळवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी घ्यायचं. ब्रॅडफर्डच्या रंगद्रव्यानं प्रथिनाचं प्रमाण काढायचं. तपकिरी द्रव निळा होत जातो आणि जितका निळा तितकं प्रथिन जास्त. मग सगळ्या वयांचं सारखं प्रथिन जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ थरावर, चढवायचं. जेल ओतताना हातमोजे विसरायचे नाहीत, कारण न गोठलेलं अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असतं. वीज लावली की प्रथिनं वजनाप्रमाणे खाली पळतात, हलकी पुढे, जड मागे. मधेच लाईट गेली तर प्रथिनांच्या पट्ट्या आपल्या जागी पसरून धूसर होतात. एका उन्हाळ्यात वळीव यायच्या आधी मी आभाळ बघून जेल लावायला शिकले.

रात्रभर निळ्या रंगात ठेवलेली जेल सकाळी धुवायला घ्यायची. पहिल्यांदा सगळीच निळी दिसते. पाणी बदलत गेलं की पार्श्वभूमी उजळते आणि पट्ट्या वर येतात. डावीकडे महिन्याचा गर्भ, उजवीकडे जन्माच्या उंबरठ्यावरचा. खालच्या बाजूला, पंधरा किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास, कोवळ्या वयात दाट पट्ट्या होत्या. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं याच भागात येतात, पण रक्तातलं ग्लोबिनही इथंच येतं. वर सहासष्टच्या जवळ एक जाड पट्टी सगळ्या रांगांत होती. तिथं रक्तातलं अल्ब्युमिन असणार हे उघड. पण गर्भाच्या रक्तात सुरुवातीला भरपूर असणारं आणि पुढे घटत जाणारं अल्फा-फीटोप्रोटीनही जवळपास त्याच वजनाचं. एका पट्टीत दोघं बसलेत की एकच, हे जेल सांगत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वजनावरून प्रथिन ओळखणारं यंत्र, हवा आणि तो पुण्यात.

यंत्रात जाण्याआधी प्रथिनाचे तुकडे करावे लागतात. ते करतं ट्रिप्सिन. लायसीन आणि आर्जिनीन या दोन अमिनो आम्लांपाशीच ते कापतं, म्हणून तुकड्यांच्या वजनावरून मूळ प्रथिन ओळखता येतं. आता गंमत बघा. बाजारात मिळणारं शुद्ध ट्रिप्सिन बहुतेकदा डुकराच्याच स्वादुपिंडातून काढलेलं असतं. म्हणजे डुकराच्या किडनीतली प्रथिनं डुकराच्याच विकरानं कापायची आणि मग यादीत ट्रिप्सिन दिसलं की हे आपलं की बाटलीतलं, असं कोडं. किडनीत ट्रिप्सिनचं काम नाही, म्हणून ते बाटलीतलं धरून वगळता येतं. मी स्वादुपिंड घेतलं असतं तर हेच सोपं राहिलं नसतं.

दुसरा पाहुणा म्हणजे केरॅटिन, आपल्या त्वचेतलं आणि केसांतलं. जगातल्या कुठल्याही प्रोटिओमिक्सच्या यादीत ते डोकावतं. लोकरीतलंही येतं, त्यामुळे थंडीत शिरवळला नीरा नदीवरून बोचरा वारा येत असतानाही स्वेटर प्रयोगशाळेच्या बाहेर खुंटीला. केस टोपीत, बाह्या बांधलेल्या. आमच्यातली एक मुलगी म्हणायची, ऑपरेशन थिएटरपेक्षा इथं जास्त सोवळं आहे.

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत एका नमुन्याचा दर ऐकल्यावर मी नमुन्यांची यादी निम्मी केली. कुठली वयं ठेवायची यावर सरांचा आणि माझा बराच वाद झाला. त्यांना समान अंतरावरची वयं हवी होती, मला चौथ्या-पाचव्या आठवड्यात दाटीनं नमुने हवे होते, कारण प्रत्यारोपणाच्या प्रयोगांतली खरी घडामोड तिथंच आहे. शेवटी माझं ऐकलं गेलं. मला अजूनही वाटतं तेच बरोबर होतं, पण त्यामुळे मधल्या वयांचा पट्टा माझ्या प्रबंधात विरळ आहे आणि तो कुणीतरी भरायला हवा.

निकाल म्हणजे एक लांबलचक एक्सेल फाइल. वाचायला बसल्यावर आधी नको ती माणसं बाहेर काढायची: केरॅटिन, ट्रिप्सिन, हिमोग्लोबिन. मग उरलेल्यांचा कल दिसायला लागतो. कोवळ्या किडनीत पेशी विभागण्याचं साहित्य जास्त: हिस्टोन, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमची प्रथिनं, डीएनएची नक्कल करताना लागणारं पीसीएनए. वय वाढलं तसं ते मागे पडलं आणि मायटोकाँड्रियाची विकरं पुढे आली, सोडियम-पोटॅशियमचा पंप वाढला. हे तर्काला धरूनच आहे. मीठ-पाणी परत खेचण्याचं काम वीजखाऊ, त्याला ऊर्जा लागणारच. माणसात गाळण्या तयार होण्याचं काम जन्माआधी आटोपतं, डुकरात ते जन्मानंतरही काही आठवडे चालू असतं. त्यामुळे जन्माच्या तोंडावरच्या नमुन्यातही 'बांधकाम' खात्याची प्रथिनं सापडली, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.

ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ती मात्र यादीत दिसली नाहीत. पॅक्स-२, सिक्स-२, डब्ल्यूटी-१ ही किडनी घडवणारी नियंत्रक प्रथिनं पेशीत इतकी थोडी असतात की गर्दीत यंत्राला सापडत नाहीत. त्यांच्यासाठी वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रतिपिंड वापरून एकेक प्रथिन हुडकायची पद्धत. त्याला लागणारी प्रतिपिंडं माणसाच्या नाहीतर उंदराच्या प्रथिनावर तयार केलेली, डुकराचं प्रथिन ती ओळखतील की नाही हा जुगार. काही लागली, काही नाही. शिवाय डुकराचा जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झाला असला तरी माहितीकोशात डुकराच्या कित्येक प्रथिनांपुढे नाव नाही, काम माहीत नाही असाच शेरा असतो. माझ्या यादीत पाचव्या आठवड्यात अचानक वर येणारं असंच एक बिननावाचं प्रथिन आहे. त्याच्यावर माझा डोळा आहे.

हे चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिक स्लेमन यांना डुकराची किडनी बसवल्याची बातमी आली. मामांनी फोनच केला.

"ताई, पेपरात आलंय ते खरं हाय का?"

"खरं आहे मामा."

"मग आमच्या मालाचा भाव वाढंल म्हणायचा."

त्यांना सांगितलं, की त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केले होते. माणसाचं शरीर ज्या साखरा परक्या म्हणून ओळखतं त्या बनवणारी तीन जनुकं काढली, माणसाची सात घातली आणि जनुकांत लपलेले डुकराचे विषाणू ५९ ठिकाणी निकामी केले. साधी किडनी बसवली असती तर काही मिनिटांत-तासांत काळी पडली असती. ती डुकरं बंद, निर्जंतुक जागेत वाढवलेली. तरीही २०२२ मध्ये मेरीलँडला डेव्हिड बेनेट यांना बसवलेल्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला होता. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हंजे आमच्या हौदापेक्षा त्यांचा हौद मोठा." स्लेमन दोन महिन्यांनी गेले, तेव्हाही मामांचाच फोन आला. आसामात डॉ. धनीराम बरुआ यांनी १९९७ सालीच डुकराचं हृदय आणि फुप्फुसं माणसाला बसवली होती, रुग्ण सात दिवस जगला आणि डॉक्टरांना अटक झाली, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ त्यावरच बोलत राहिले.

त्या बातम्यांतली एक गोष्ट माझ्या कामाला थेट लागते. मेरीलँडच्या डुकरात वाढीच्या संप्रेरकाचा ग्राहकही (संप्रेरक पेशीवर जिथं बसतं तो रिसेप्टर) बंद केला होता, नाहीतर बसवलेला अवयव डुकराच्या हिशेबानं वाढत राहील ही भीती. म्हणजे अवयव परक्या शरीरात गेला तरी आपलं घड्याळ सोबत घेऊन जातो. ते घड्याळ कुठल्या प्रथिनांत आहे हे शोधायला गर्भापासून सुरुवात करणं मला तरी सरळ वाटतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी जेलवरच्या पन्नास किलोडाल्टनच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही प्रतिपिंडाची जड साखळी कशावरून नाही?" डुकराची वार आईची प्रतिपिंडं गर्भाकडे जाऊ देत नाही, पिल्लाला ती चिकातूनच मिळतात, हे मी सांगितलं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात गर्भ स्वतःची बनवत नाही, तेव्हा ती दिसली तर नमुन्यात आईचं रक्त मिसळलं असं समजायचं, आणि मास स्पेक्ट्रोमीटरच्या यादीत ती नव्हती. त्यावर त्यांचं समाधान झालं. मग दुसरा प्रश्न: "अठ्ठाविसावा दिवस आणि तिसावा दिवस यांत तुम्ही फरक करू शकता?"

नाही. लांबीवरून काढलेलं वय दोन दिवस इकडेतिकडे होतंच, म्हणून प्रबंधात सगळीकडे आठवडे लिहिलेत, दिवस नाही. दिवस लिहायचा तर मादी कधी भरली त्याची नोंद हवी. मामा आता ती ठेवतात, गोठ्याच्या भिंतीवर खडूनं, मादीच्या कानाच्या नंबरासकट. पण ठरलेल्या दिवशी ठरलेली मादी संशोधनासाठी कापायची म्हटलं की तो प्राण्यांवरचा प्रयोग होतो. त्याला आधी संस्थेच्या नीतिसमितीची आणि मोठं जनावर असल्यामुळे वरती केंद्राच्या समितीचीही मंजुरी लागते. संस्थेची मिळाली. वरच्या अर्जात त्यांनी माद्यांची संख्या कमी करता येईल का असं विचारलंय, त्याचा हिशेब मी सध्या मांडतेय.